पाइपाच्या पलीकडची सायकल

आज सकाळी रात्रपाळी उतरून येत होतो. नव्या पुलाच्या अलीकडे महापालिकेनं सायकलींसाठी लाल पट्टा आखलाय. त्या पट्ट्यावर कोणीतरी साड्या अंथरल्या होत्या आणि साड्यांवर कुरडया घातल्या होत्या. ओल्या, पांढऱ्या, आत्ताच साच्यातून पडलेल्या. चारी कोपऱ्यांना विटा. बाजूला पाटी. पाटीवर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, गुजरातीत आहे, पण चालणारा माणूस आणि सायकल अशी चित्रं आहेत, तेवढ्यावर भागतं. पाटीच्या सावलीत माझी बायको मंगल बसलेली, हातात काठी. कोणीतरी म्हणजे तीच.

म्हटलं, चला, उन्हाळा आला.

एवढंच म्हटलं. पुढे काही सुचलं नाही. लूमच्या खात्यात, यंत्रमागांच्या कारखान्यात, जन्म काढलेल्या माणसाचं तसंच होतं. आत एवढा खडखडाट की बाहेर आल्यावर सगळं जग कापसात गुंडाळल्यासारखं लागतं. माणसं तोंड हलवतात, मी मान हलवतो. तळहात घरी आल्यावरही थरथरत असतात, आणि चिमटा काढला तर कळत नाही. आधी मला वाटायचं, हे फक्त हाताचं आहे.

आमच्या बायका खानदेशातून सुरतेत आल्या तेव्हा शेत मागे ठेवलं, गोठा ठेवला, माहेर ठेवलं, पण वाळवण सोबत घेऊन आल्या. चैत्र लागला की गल्लीत आज हिच्या दारात, उद्या तिच्या दारात. भिजवलेल्या गव्हाचा आंबूस वास, मग त्याचा चीक शिजायला लागला की तो वास गोडसर होतो. मी पाळीवरून यायचो त्याच वेळेला चीक उतरायचा. मंगल वाटीभर पुढे करायची, वर तेलाची धार. गरम गरम. जीभ भाजायची आणि मग दिवसभर कशालाच चव नसायची, पण तो चीक खाल्ल्याशिवाय मला उन्हाळा सुरू झाला असं वाटायचंच नाही. दुसऱ्या दिवशी बिबडे. ज्वारीच्या कण्या, लसूण, मिरची, तीळ, सगळं शिजवून ओल्या साडीवर हातानं थापायचं. साड्या मिलमधल्या डागी, छापताना बिघडलेल्या. कधी कधी साडीचं फूल बिबड्यावर उमटायचं. भाजून खाताना माझ्या ताटात गुलाब यायचा. एवढ्यापुरता मी नवाब.

गल्लीनं मला कावळे राखायला नेमलेलं. कारण दिवसा घरी असणारा बाप्या मीच. रात्रभर उभं राहून आलेला माणूस सावलीत बसला तर काय होणार, हे कावळ्यांना माझ्याआधी कळायचं. एक कावळा तर माझ्या डोक्याशी येऊन बसायचा, मी झोपलो का बघायला, आणि मग बाकीच्यांना बोलवायचा. एकदा बकरीनं अर्धी साडी फस्त केली आणि मी तिच्याच पोटावर डोकं टेकून झोपलेलो सापडलो. गल्लीत अजून मला विचारतात, बकरी बरी आहे ना.

वाळवण घालायचं ते नहेरीच्या काठावर. आमच्या वस्तीच्या मागून नहेर, म्हणजे कालवा, जातो. शहराकडून महापालिकेनं काठानं चालायचा रस्ता बांधत आणलेला, बाक, दिवे, फुलझाडं. तो आमच्या वस्तीपाशी येऊन थांबलेला. पलीकडे उंच टॉवर झालेत, त्यांच्या बाजूनंही तसाच रस्ता, त्याला सायकलींचा वेगळा पट्टा, आणि तो पुढे पार मिलांच्या वसाहतीपर्यंत जातो. मधे आमचा तुकडा. माती, बाभळी, वाळवण, आणि मिलांचं रंगीत पाणी वाहून आणणारी एक खाडी आडवी. खाडीवरून पाण्याचा जाडजूड लोखंडी पाइप टाकलेला. नवरीच्या दोन्ही हातांत बांगड्या आणि मधेच अंग गायब, असा तो रस्ता दिसायचा.

ज्याला कामाला पलीकडे जायचं तो पाइपावरून जायचा. नाही तर हायवेनं मोठा वळसा, ट्रकांच्या मधून. रिक्षा मिळते, पण ती हायवेच्या ह्या अंगाला सोडते, ओलांडायचं आपलं आपण.

माझं नाव उखर्डू. आईची आधीची पोरं जगली नाहीत, म्हणून मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं आणि हे नाव ठेवलं. मरणाला वाटावं, हा कचराच आहे, उचलून काय करू. मरणाला वाटलं का माहीत नाही, बाकी सगळ्यांना वाटलं. शाळेत मास्तर हजेरी घ्यायचे तेव्हा माझ्या नावावर आले की आधी हसून घ्यायचे. मी चौथीत दोनदा बसलो आणि दुसऱ्यांदा उठलोच, तो सुरतेला.

सुकलाल माझ्याहून मोठा. अमळनेरकडचा. आमच्याच गल्लीत चार गडी मिळून एका खोलीत राहायचे, त्यातला एक. मंगल त्याला जिभाऊ म्हणायची, मोठ्या दिरासारखं. त्याची दिवसपाळी, कापड छापायच्या मिलमध्ये. माझी रात्रपाळी, लूमवर. माझी सुटायची आणि त्याची चढायची यात तासाभराचं अंतर. संध्याकाळी त्याची सुटायची, माझी चढायची, तेव्हाही तसंच.

आमच्या दोघांत एक सायकल. गावी परत निघालेल्या एका ओडिया कारागिराकडून घेतली, पाइपाच्या पलीकडे, मिलच्या फाटकासमोर. काळी, जड, मागे कॅरिअर. पाइपावरून ती आणायची म्हणजे खांद्यावर घेऊन दोरीवरचा खेळ करायचा. मी एकदा केला. सायकल वाचली, मी खाडीत पडलो. खाडीत त्या दिवशी गुलाबी पाणी होतं. घरी आलो तर डावा पाय गुलाबी. मंगल म्हणाली, दुसराबी बुचकाळी या, जोडी व्हई.

तेव्हापासून सायकल पलीकडेच राहिली. सकाळी मी मिलकडून सायकलवर पाइपापर्यंत यायचो. सुकलाल घरून चालत येऊन, पाइप ओलांडून, पलीकडच्या टोकाला उभा. मी उतरायचो, हँडल त्याच्याकडे धरायचो, तो घ्यायचा. तो सायकलवर मिलकडे, मी पाइपावरून चालत घराकडे. संध्याकाळी उलटं. सुट्टीच्या दिवशी ती पलीकडच्या चहावाल्याच्या टपरीमागे उभी. एवढी वर्षं ती सायकल आमची, पण आमचं घर तिनं पाहिलं नव्हतं. आमच्या बायकापोरांनी ती पाहिली नव्हती. मंगलला तर खूप दिवस संशय होता की सायकल नाहीच आहे, मी थाप मारतो.

त्या टोकावर आम्ही बोलायचो किती? फार नाही. ब्रेक ढिला झालाय. आज हवा भर. शेठ आला होता. तुझ्या पोरीचं लग्न जमलं का. हँडल एका हातातून दुसऱ्या हातात जाईपर्यंत जेवढं होईल तेवढं. पण सीट गरम असायची. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी मी टांग मारली की सुकलालची ऊब बुडाला लागायची. हे सांगायला बरं दिसत नाही, पण बऱ्याच वर्षांत मला दुसऱ्या माणसाची एवढी नेमानं ऊब मिळाली ती तिथंच. मंगल हे वाचणार नाही, तिला माझ्यासारखंच वाचता येतं.

मागच्या वर्षीचा उन्हाळा वेगळा गेला. होळीच्या आसपास सुकलालला कावीळ झाली. डोळे पिवळे, बिबड्यासारखा सुकला. बरा झाला, पण डोक्यात चक्कर राहिली. जमिनीवर नीट चालायचा, मशीनला धरून दिवसभर उभा राहायचा. सायकलवर बसला की तोल बरोबर. फक्त उंचावर पाय ठेवला की खालचं पाणी वर यायचं म्हणे. पहिल्या दिवशी सकाळी मी पलीकडे उभा, सायकल घेऊन, आणि हा अलीकडे पाइपासमोर उभा, जसं काही पाइप त्याला ओळखतच नाही. मी पाइपावरून अलीकडे आलो, त्याचे दोन्ही हात धरले, आणि मी उलटा चालत, तो सुलटा चालत, असे निघालो. लग्नातली सप्तपदी. मी खाली बघत नव्हतो, तो माझ्याशिवाय कुठे बघत नव्हता. पलीकडे पोचल्यावर म्हणाला, तुना तोंडले दाढी नसती तं बरं वाटतं.

मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून त्यानं स्वतःच युक्ती काढली. पाइपावर घोड्यावर बसल्यासारखा बसायचा आणि हातांनी सरकत सरकत यायचा. पँटीला काळा रंग लागायचा. काठावर वाळवण घालणाऱ्या बायका तोंडाला पदर लावायच्या. हा त्यांना रामराम करायचा, नवरदेवासारखा. एवढ्या वयाचा माणूस. पण पोचायचा.

सगळ्यांना माहीत होतं की हे पावसाळ्यापर्यंतच. पाऊस लागला की पाइप शेवाळतो, खाडी चढून त्याच्या पोटाला लागते. तेव्हा आम्हीच चपला काढून, जीव मुठीत धरून जातो. सुकलालला ते जमणार नव्हतं. पलीकडे टॉवर, तिथे आमच्यासारख्याला कोण खोली देतो. म्हणजे पावसाआधी काहीतरी झालं तर सुकलाल सुरतेत, नाही तर गावी. गावी त्याचा मुलगा आहे, सून आहे, घर आहे. मी म्हटलंही, जा ना मग, आराम कर. तो ब्रेकची तार बघत होता. म्हणाला, ''गावमा मी पाहुणा शे, भो. पाहुणा किती दिन ऱ्हाई?''

आणि त्याच उन्हाळ्यात मापं घेणारे आले. तिपाई, दुर्बीण, चुन्याच्या खुणा. मंगलच्या बिबड्यांच्या मधोमध एक खुंटी ठोकून गेले. दोन रस्ते जोडायचे, खाडीवर छोटा पूल, चालणाऱ्यांसाठी आणि सायकलसाठी. गल्लीत बातमी फिरली आणि दोन दिवसांत सगळं शहर आमच्या त्या तुकड्यावर भांडायला लागलं, असं मला वाटलं. शहराला त्याची खबर नसेलही. पण आमची गल्ली आणि टॉवरवाले, एवढे तर भांडत होते.

गंमत अशी की दोन्ही बाजूंना तो रस्ता नको होता. आमच्या गल्लीचं म्हणणं, आज वाळवणाची जागा जाईल, उद्या म्हणतील हे पत्रे रस्त्याला शोभत नाहीत, परवा आपण जाऊ. टॉवरवाल्यांचं म्हणणं, जोडला की तिकडचे सगळे इकडे येतील. तिकडचे म्हणजे आम्ही. आम्हीही म्हणायचो, तिकडचे इकडे येतील. एकमेकांना इतके घाबरलेले लोक एकाच अर्जावर अंगठा करायला तयार होते. ज्यांना पूल हवा होता ते पाइपावरून जाणारे, आणि ते दिवसा कामावर किंवा झोपलेले.

गल्लीतल्या बायका आमच्या ओट्यावर बसून ठरवत होत्या की साहेबापुढे काय बोलायचं. मी आत पडलेलो. एक म्हणाली, आपल्या पापडांचं काय. दुसरी म्हणाली, ऊन तर तिथलंच चांगलं. बराच वेळ तेच चाललं. मग मंगल बोलली. ती पीठ मळताना बोलते तसं, मान वर न करता.

''पापड तं पत्रावरबी वाळतीन. जिभाऊ पाइपवरतून पडना, तं त्याले कोठे वाळत घालशात?''

 मग एक हसली, मग सगळ्या. आमच्याकडे अशीच रीत आहे, पटलं की हसायचं. मला वाटतं म्हणूनच पुढचं सगळं मला उशिरा कळलं.

सभा वॉर्ड ऑफिसात, भर सकाळी. दिवसपाळी मशीनवर, रात्रपाळी अंथरुणात, अशी बरोबर मधली वेळ. सुकलाल सकाळी पाइपापाशी हँडल घेताना म्हणाला, तू जाय, तुले बोलता येस. मला बोलता येतं हे खरं. लग्नात, मयतीत, खात्यात शेठ पगार थकवतो तेव्हा, माणसं मलाच पुढे करतात, हा हसवेल म्हणून. न झोपता तसाच गेलो. केसांत कापसाचा फुफाटा, पायात दोन जातीच्या चपला. दारातल्या शिपायाला वाटलं मी पंखा दुरुस्त करायला आलोय. त्यानं मला पंखा दाखवलाही. मी बघितला. म्हटलं, बेअरिंग गेलंय. गेलंच होतं.

आत खुर्च्या, खमणची ताटली, हिरवी मिरची. टॉवरमधली एक बेन गुजरातीत म्हणाली, वॉकिंग माटे तो अमारो ट्रॅक पूरतो छे, आम्हाला तेवढा पुरतो. आमच्या गल्लीतल्या दोघी बिबड्यांचं ताट घेऊन उभ्या, साहेबाला पुरावा म्हणून. साहेबानं एक मोडून खाल्ला आणि पुरावा संपवला. मग टॉवरमधले लेलेकाका उठले. बँकेतून रिटायर झालेले, पुण्याकडचे, स्वच्छ मराठी. इतकं स्वच्छ मराठी की मला वाटलं आपण इतकी वर्षं काय बोलतो मग. ते म्हणाले, जोडणं चांगलंच असतं, पण सगळंच काही जोडायचं नसतं. माणूस वाईट नव्हता. बसताना त्यांनी माझी खुर्ची सरळ करून दिली.

मग मला बोलवलं. मी ठरवून गेलो होतो की आज हसवायचं नाही. पण मला दुसरी भाषा येत नाही. मी गुलाबी पायाचं सांगितलं. सायकलनं घर पाहिलं नाही, बायकोला संशय होता, ते सांगितलं. सुकलालचे हात धरून उलटा चालतो ते सांगितलं. तो घोड्यावर बसून येतो, बायकांना रामराम करतो, पँट काळी होते, ते सांगितलं. म्हटलं, साहेब, पावसात घोडा घसरतो. त्याच्या आत पूल झाला तर हा माणूस राहतो, नाही तर जातो.

सगळी सभा हसली. टॉवरची बेन हसली, लेलेकाका पोट धरून हसले, साहेबानं चष्मा काढून डोळे पुसले. शेवटच्या वाक्यालाही हसले. आधीच्या हसण्याच्या जोरात ते पण वाहून गेलं. साहेब म्हणाला, या भाईला दर मीटिंगला बोलवा. आणि पुलाचं काय, तर जोईशुं. म्हणजे बघू. मग पार्किंगचा विषय निघाला. मला खमण दिलं. मी खाल्लं. चांगलं होतं.

संध्याकाळी सुकलाल सायकलवरून आला. नेहमीच्या जागी उतरला, हँडल माझ्याकडे धरलं, सोडलं नाही.

''काय म्हने साहेब?''

''खूप हसनात,'' मी म्हटलं.

''साहेबबी?''

''साहेबबी.''

त्याचा चेहरा मोकळा झाला. ''मंग व्हई जाई काम,'' म्हणाला, आणि हँडल सोडलं. पाइपावर बसला, सरकत निघाला. मधे थांबून मागे वळून हात केला. मी टांग मारली. सीट गरम होती. मी मिलकडे गेलो, ताणा लावला, धागे जोडले, सकाळ झाली.

पुढचं सांगण्यासारखं नाही. पाऊस आला तसा आला. वाळवण डब्यात गेलं, साड्या धुऊन घड्या झाल्या, चुन्याच्या खुणा वाहून गेल्या. मंगलच्या बिबड्यांमधली खुंटी मात्र तशीच होती, तिला कोणीतरी शेळी बांधायला लागलं. सुकलाल थोडे दिवस हायवेनं गेला. मिलमध्ये उशिरा पोचायचा, संध्याकाळी सायकल द्यायला उशीर व्हायचा, मग मी उशिरा. दोघांच्या मुकादमांनी दोघांना ऐकवलं. मग एक संध्याकाळ खाडी अशी चढली की पाइप दिसेना. तो पलीकडे सायकल घेऊन, मी अलीकडे. दोघांच्या मधे लाल पाणी. ओरडून काही कळेना, माझे कान तर आधीच गेलेले. त्यानं सायकल टपरीमागे लावली, मला हातानं खूण केली, लावली म्हणून, आणि हायवेकडे चालायला लागला. मीही हायवेकडे. कुठेतरी ट्रकांच्या मधे आम्ही एकमेकांना चुकलो असणार.

दुसऱ्या दिवशी घरी आला, गावी जायची पिशवी घेऊन. मंगलनं चहा टाकला, बिबडे भाजले. त्याच्या वाट्याला साडीचं फूल उमटलेला बिबडा आला. तो उलटसुलट करून बघत होता. उठताना सायकलच्या कुलपाची किल्ली माझ्या हातात दिली.

''आते हाई तुनीच,'' म्हणाला.

मी काहीतरी विनोद केला. कोणता ते आठवत नाही. तो हसला एवढं आठवतं. मंगल हसली नाही. रात्री पाळीवर गेलो. रडायला वगैरे येईल असं वाटलं होतं. खात्यात रडलं तर कोणाला ऐकू जात नाही, तेवढी सोय आहे. पण काही आलं नाही. धागा तुटला, जोडला.

पूल झाला दिवाळीनंतर. माझ्या भाषणानं झाला नाही, आणि बिबड्यांनी किंवा लेलेकाकांनी अडवलाही नाही. तो जुना पाइप गळायला लागला, टॉवरांचं पाणी कमी झालं. नवा मोठा पाइप टाकायचा तर त्याला खालून आधार लागतो, आणि आधार बांधायचाच तर वरून स्लॅब टाकू, असं ठरलं म्हणे. पूल पाइपासाठी झाला. माणसं वरून जातात ती फुकटात. मला हे कळलं तेव्हा मी हसलो. खरंच हसलो, एकटाच, टपरीवर. चहावाल्यानं विचारलं काय झालं, तर सांगता येईना.

उद्घाटनाला नव्या चकचकीत सायकली आणल्या होत्या, पुढाऱ्यांना बसायला. फोटोत येत होती म्हणून माझी सायकल बाजूला घ्यायला सांगितली. घेतली. गर्दी गेल्यावर मी टांग मारली आणि पहिल्यांदा पुलावरून अलीकडे आलो. बसूनच. उतरलो नाही, पडलो नाही, पाय कुठल्याच रंगाचा झाला नाही. एवढं सोपं होतं ते.

दारात मंगल उभी. तिनं तांब्याभर पाणी चाकावर ओतलं, हँडलला कुंकू लावलं, आणि सायकलला म्हणाली, ''ये माय, आते तरी घर दख.'' गल्ली जमली. सगळ्यांनी घंटी वाजवून बघितली. मग मंगल मला म्हणाली, जिभाऊले फोन लावा.

लावला. मी म्हटलं पूल झाला. तिकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. तो म्हणाला, ''हालस का?''

''नही हालत,'' मी म्हटलं.

''रुंद शे?''

''दोन सायकली बाजूबाजूनं जातीन.''

त्यानं कोंबड्यांना हाकललं. मग म्हणाला, ''येसू मंग एक दिन, दखाले.'' त्याच्या जागी मिलमध्ये आता दुसरा माणूस आहे, हे त्यालाही माहीत, मलाही. मी म्हटलं, ये.

आज सकाळचं एक सांगायचं राहिलं, कुरडया दिसल्या त्याच्या जरा आधीचं. पुलाच्या पलीकडच्या टोकाला आलो की मी उतरतो. ठरवून नाही. पूल झाल्यापासून रोज तेच. हात आपोआप ब्रेक दाबतात, पाय खाली येतो, आणि हँडल बाजूला धरलं जातं, कोणीतरी घेईल असं. मग लक्षात येतं आणि मी पुढे निघतो. आज हँडल धरलं तर समोर लेलेकाका. ते रोज फिरायला येतात पुलावर, पांढरे बूट घालून. त्यांना वाटलं मी त्यांना सायकल देतोय.

''नको नको,'' म्हणाले, ''मी चालायलाच आलोय.'' मग निरखून बघितलं. ''तुम्ही सभेतले ना? पाइपवाले? अहो, काय हसवलं होतंत. घरी जाऊन हिला सांगितलं मी. तुमचे ते घोडेस्वार मित्र काय म्हणतात? आता मजा असेल त्यांची.''

''हो,'' मी म्हटलं.

ते पुढे गेले. मला टांग मारायला जमेना. इतकी वर्षं त्या टोकापासून घरापर्यंत मी चालत गेलोय, पायांना तेवढंच ठाऊक. सायकल हातात धरून पुलावरून चालत आलो. मंगलनं कुरडयांवरून मान वर केली.

''पंक्चर शे का?''

मी मान हलवली. कशी हलवली कोण जाणे, तिनं परत विचारलं नाही. माझ्याकडे बघितलं, मग काठी माझ्या हातात दिली. ''बठा आठे. मी चीक लई येस. झोपू नका.''

ती गेली. मी पाटीच्या सावलीत बसलो. एक कावळा पुलाच्या कठड्यावर येऊन बसला, मी झोपतो का बघायला. सायकल बाजूला उभी होती. मी सीटवर हात ठेवला. गरम होती.

ऊन आलं होतं तिच्यावर.